विशेषनामाचे विधेय

ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या शिवारात निजाम-उल्-मुल्क मीर कमरुद्दीन आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची गाठ पडली, आणि दिल्लीचा बादशहा महंमदशहा याच्या गुप्त इशाऱ्यावरून दख्खनची सुभेदारी घेण्यास निघालेला मुबारिझखान रणात पडल्यावर दख्खनवरील दिल्लीची हुकमत शिक्क्यापुरती उरली. ज्याच्या पाडावाची इच्छा धरली होती, त्यालाच महंमदशहाला पुढील वर्षी 'आसफजाह' हा किताब द्यावा लागला.

हा किताब व्याकरणाच्या दृष्टीने मोठा मननीय आहे. आसफ हा सुलेमानाचा शहाणा वजीर म्हणून इस्लामी परंपरेत विख्यात. जाह म्हणजे दर्जा. आसफ हे नाव येथे कोणा आसफाचा निर्देश करीत नाही, ते निजामाविषयी विधान करते. उद्देश्याच्या जागेवरचे विशेषनाम विधेयाच्या जागी जाऊन बसते. तर्कशास्त्राच्या पायावर अलीकडे रचलेल्या लोज्बान भाषेत एवढ्याच कार्यासाठी 'मे' हा स्वतंत्र शब्द योजलेला आहे. मराठीचे काम प्रत्ययांवर भागते.

उदाहरणादाखल साखरखेर्ड्याच्याच मुलुखातील लोणार-मेहकरकडची जुनी दगडी देवळे पाहावीत. चुन्यावाचून चिरा चिऱ्यावर बसविलेली वास्तू दिसली की आपला माणूस तिला निःशंकपणे 'हेमाडपंती' म्हणतो. यादवांचा करणाधिप हेमाद्री तिचा कर्ता होता की ती त्याच्या जन्मापूर्वीच उभी होती, याची चौकशी तो करीत नाही, आणि माझ्या मते त्यात त्याचे काही चुकत नाही, कारण त्याच्या मुखी हेमाडपंत ही व्यक्ती उरलेली नसून तो बांधणीचा एक गुण झालेला आहे. १७३९ मध्ये दिल्लीत कत्तल करविणाऱ्या नादिरशहाचेही असेच झाले. 'नादिरशाही' म्हणताना इराणच्या त्या बादशहाची मूर्ती कोणाच्या डोळ्यांपुढे येते? निजामाच्या मुलखाला तर लोक मोगलाईच म्हणत, आणि अन्याय दिसताच 'मोगलाई लागून गेली काय?' हा सवाल आजही घरोघर ऐकू येतो.

साखरखेर्ड्याच्या विजयानंतर निजामाने त्या गावालाही एक विधेय बहाल केले. फत्ते झाली म्हणून साखरखेर्ड्याचे फतेहखेर्डा झाले, आणि ते नाव पुढे सरकारी दप्तरांत आणि इंग्रजी गॅझेटिअरांतही चढले. सिंदखेडराजा तालुक्यातील हे गाव मात्र आजही साखरखेर्डा म्हणूनच ओळखले जाते.