मोठ्याला वाट, लहानाला अटकाव

चेतापेशीतून संदेश जातो तो सोडियम व पोटॅशियमच्या आयनांमुळे, हे हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ साली स्क्विडच्या चेतातंतूवरील प्रयोगांतून दाखवून दिले. पुढे कळले, की या आयनांसाठी पेशीपटलात प्रथिनांचे वेगवेगळे मार्ग असतात आणि पोटॅशियमच्या मार्गातून सोडियम जवळजवळ जातच नाही. वास्तविक सोडियमचा आयन लहान (त्रिज्या ०.९५ अँगस्ट्रॉम), तर पोटॅशियमचा मोठा (१.३३). मग ही कसली चाळणी?

मार्गाची रचना पाहिल्याशिवाय उत्तर मिळणार नव्हते. पण प्राण्यांच्या पेशींतून हे प्रथिन पुरेसे मिळवणे फार अवघड. स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडान्स या मातीतल्या जीवाणूत मात्र असेच एक प्रथिन सापडले होते. त्याच्या अरुंद भागातील अमिनो आम्लांचा क्रमही प्राण्यांतल्यासारखाच होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ मध्ये त्याचे स्फटिक बनवून क्ष-किरणांनी रचना उलगडली.

पाण्यात प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे असते. अरुंद भागात शिरताना ते सोडावे लागते. तेथे प्रथिनातील ऑक्सिजनचे अणू पोटॅशियमला पाण्याप्रमाणेच वेढून घेतात. लहान सोडियमला त्यांचा नीट आधार मिळत नाही. म्हणून तो बाहेरच राहतो.

या कामासाठी मॅकिनन यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वर्गात पेशीपटलाला चाळणीची उपमा देताना एवढे जरूर सांगावे: चाळणी फक्त आकार पाहते, प्रथिन नाते पाहते. आणि हे आपल्याला कळले ते चेतासंस्थाच नसलेल्या एका जीवाणूकडून!