चौसष्ट मेगाबाइटांचा संसार

‘बनी तो बनी, नाहीतर परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्याला चिकटून फार वर्षे झाली. तिचा अर्थ कोणी कसाही लावो, मी तो असा लावतो : मोठ्या शहरी डाळ शिजली नाही, तर परभणीस यावे आणि आहे त्या साधनांत भागवावे. यंत्रांच्या जगातही अशी एक परभणी आहे. तिचा इतिहास मला राजवंशांच्या इतिहासापेक्षा कमी रंजक वाटत नाही.

घरातली गाणी, लग्नमुंजींची छायाचित्रे आणि चित्रपट एकत्र मांडून टीव्हीच्या पडद्यावर दाखविणारे सॉफ्टवेअर म्हणजे मीडिया सेंटर. त्यांतले ‘कोडी’ हे आज पुष्कळ घरांत आढळते. (मराठी माणसास या नावावरून उखाणे आठवावेत हे साहजिकच आहे.) त्याचा जन्म मात्र एका खेळण्यात झाला. मायक्रोसॉफ्टने २००१ साली ‘एक्सबॉक्स’ हे खेळयंत्र बाजारात आणले. त्यावर चित्रपट चालवावेत म्हणून काही हौशी मंडळींनी २००२ च्या सुमारास पदरमोड करून एक प्रोग्राम लिहावयास घेतला. त्या यंत्राचा वेग ७३३ मेगाहर्ट्झ आणि स्मृती अवघी ६४ मेगाबाइट! चित्र, आवाज, अक्षरे, सारे काही एवढ्यात बसवावयाचे. त्यामुळे पडद्यावरची बारीकसारीक चित्रे सुटी न ठेवता एका गाठोड्यात बांधून ठेवण्यासारख्या युक्त्या त्यांनी काढल्या. गरिबाघरची सून डब्यातले तांदूळ मोजून घेते, तसा हा संसार होता.

पुढे हा प्रोग्राम घरगुती संगणकांवर गेला आणि मोठ्या घरी पडलेल्या सुनेसारखा थोडा उधळा झाला. पडद्यावर काही हलत नसले तरी सगळे चित्र सेकंदाला कितीदा तरी नव्याने रंगवावयाचे, हा त्याचा खाक्या. रांगोळीचा एक ठिपका पुसला म्हणून सारे अंगण पुन्हा सारवावे, तशातला हा प्रकार! सशक्त संगणकाला त्याचे काही वाटत नसे. दुबळा संगणक मात्र नुसत्या यादीपुढे उभा राहूनच धापा टाकी. मार्च २०१२ मधल्या ‘ईडन’ या अकराव्या आवृत्तीत, जेवढा भाग बदलला तेवढाच रंगविण्याची सोय आली.

ती वेळेवरच आली म्हणावयाची. त्याच वर्षी २९ फेब्रुवारीस केंब्रिजहून ‘रास्पबेरी पाय’ ही पत्त्याएवढी संगणकपाटी विक्रीस निघाली होती. किंमत पस्तीस डॉलर, वेग ७०० मेगाहर्ट्झ, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या त्या खेळण्याहूनही कमी! तरी तिच्यावर भरपूर तपशिलाचा चित्रपट विनासायास चाले. याचे रहस्य असे, की चित्रपट उलगडण्याचे काम मुख्य प्रोसेसर करीतच नसे. त्याच चिपमध्ये त्यासाठी एक वेगळा विभाग होता. डीव्हीडीच्या जुन्या पद्धतीच्या चित्रपटांसाठी मात्र त्या विभागाचे कुलूप उघडणारा परवाना ऑगस्ट २०१२ पासून २ पौंड ४० पेन्सला वेगळा विकत मिळू लागला. जानेवारी २०१३ च्या बाराव्या आवृत्तीने या पाटीला अधिकृतपणे आपलेसे केले. ‘एक्सबॉक्स’वरचा मुक्काम तोवर हललाच होता, २०१४ साली नावातली त्याची खूणही गेली आणि ‘कोडी’ हे नाव आले.

जड काम वेगळ्या गड्यावर सोपविण्याची ही युक्ती महाराष्ट्राला नवी नव्हे. आयआयटी कानपूरमध्ये मूळ धरलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ कार्ड आठवा. त्या काळच्या अशक्त संगणकांना देवनागरीची जोडाक्षरे जुळविणे झेपत नसे. तो भार हे कार्ड उचली आणि इंग्रजीसाठी लिहिलेले जुने प्रोग्राम मराठी अक्षरे दाखवू लागत. ही गोष्ट मला ‘पाय’हूनही मोठी वाटते, पण तिचे गोडवे आपण फारसे गात नाही.

आमच्या घरी अशी एक पाटी टीव्हीमागे अडकवलेली आहे. आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट घरात होती. फीत विरत चालली म्हणून ती उतरवून घेतली, आणि आता त्या ओव्या या पाटीतूनच ऐकू येतात. महागडे यंत्र घेणे परवडणारे नव्हते, तेव्हा काटकसर प्रोग्रामकडूनच करून घेतली. मुखपृष्ठांची चित्रे लहान केली, मागची शोभेची चित्रे काढून टाकली, साधी सजावट निवडली आणि मोबाइलचा जुना चार्जर सोडून पुरेशा शक्तीचा घेतला. विजेचा दाब उतरला, की पाटी मध्येच आचके देते. उरला प्रश्न परभणीच्या उन्हाळ्याचा. चिपचे तापमान ८५ अंशांकडे गेले, की ती आपण होऊन मंदावते. म्हणून मे महिन्यात तिला उघड्या खोक्यात, पंख्याच्या वाऱ्यात ठेवतो. खर्च थोड्या वॉटांचाच असल्याने दिवे गेले तरी इन्व्हर्टरवर ती टिकते. टीव्हीच्याच रिमोटने तिला हुकूम देता येतात. आईला तेवढे एकच बटण ठाऊक आहे, आणि पहाटे सर्वांच्या आधी उठून ती ते दाबते.