माहुली एका दिवसात करायचाय? आधी परत फिरायची वेळ ठरवा

सकाळी लोकल पकडायची, गड चढायचा आणि रात्री जेवायला घरी. मुंबई-ठाण्याकडच्या लोकांना असा ट्रेक हवा असतो तेव्हा शहापूर तालुक्यातल्या माहुलीचं नाव हमखास येतं. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगावला उतरायचं, तिथून साधारण पाच किलोमीटरवर माहुली गाव आणि गावापुढच्या शंकराच्या मंदिराजवळून चढण सुरू.

गडाची उंची २८१५ फूट, म्हणजे सुमारे ८५८ मीटर. 'ठाणे जिल्ह्यातली सर्वात उंच जागा' असं अनेक रील्समध्ये सांगतात, ते खरं नाही. याच तालुक्यातला आजोबा डोंगर चार हजार फुटांच्या वर आहे, मुरबाडचा सिद्धगडही माहुलीपेक्षा उंच आहे. तसंही नुसत्या उंचीवरून ट्रेक अवघड की सोपा हे कळत नाही. मुरबाडचाच गोरखगड माहुलीहून बुटका, पण त्याच्या शेवटच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या आहेत. उंचीची भीती वाटणाऱ्याला तिथे घाम फुटतो. माहुलीत तसं काही नाही, माथ्याजवळच्या लोखंडी शिडीपुरतं जपावं लागतं. इथे कस लागतो तो दमाचा, कारण डोंगराच्या सोंडेवरून चढण सलग अंगावर येते.

चढायला अडीच ते तीन तास धरा, उतरायला दोन. आता हिशोब उलटा मांडा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जंगलात त्याआधीच अंधारून येतं. म्हणजे काहीही झालं तरी दोन वाजता माथा सोडायचा. वर फिरायला दोन तास हवे असतील, तर नऊच्या आत चढायला लागायला हवं. ही वेळ घरूनच ठरवून सगळ्यांना सांगा. 'आलोच आहोत तर' म्हणत वर अर्धा तास वाढला, की तो उतरताना अंधारात भरून काढावा लागतो.

हे दोन तास कुठे घालवायचे? माहुली हा खरं तर तीन गडांचा समूह आहे: उत्तरेला पळसगड, मध्ये माहुली आणि दक्षिणेला भंडारगड. एका दिवसात तिन्ही करायचा हट्ट धरू नका. भंडारगडाच्या टोकाकडे जा, तिकडून वजीर आणि नवरा-नवरीचे सुळके दिसतात. वाटेत पडके दरवाजे, पहारेकऱ्यांच्या देवड्या आणि पाण्याची टाकी लागतात. १६३६ मध्ये निजामशाही वाचवायची शहाजीराजांची शेवटची धडपड याच गडावर संपली. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी हा गड मोगलांना दिला. १६७० मध्ये पहिला हल्ला फसला, पण त्याच वर्षी गड पुन्हा स्वराज्यात आला.

वाट चुकते ती बहुतेक वेळा माथ्यावर. तिथे दाट झाडी आहे, शिवाय गुरांच्या जाण्या-येण्याने पडलेल्या ढोरवाटा मूळ पायवाटेसारख्याच दिसतात. दहा मिनिटं चालून एकही खूण किंवा बाण दिसला नाही, तर पुढे न जाता शेवटच्या ओळखीच्या जागी परत या. ऑफलाइन नकाशा मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. पहिल्यांदाच जात असाल तर गावातला वाटाड्या घ्या. त्याला दिलेले पैसे गावातच राहतात, हेही आहेच.

पाणी माणशी तीन लिटर. वरच्या टाक्यांच्या भरवशावर निघू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, मार्चनंतर उन्हाचा तडाखा बसतो. पावसाळ्यात डोंगर सर्वात देखणा दिसतो, पण तेव्हाच कातळ निसरडा होतो. त्या दिवसांत जिल्हा प्रशासन धबधब्यांवर बंदीचे आदेशही काढतं, ते पाहून मगच बेत करा. काही अडलंच तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८.

परतीच्या रिक्षाचं सकाळीच बोलून ठेवा, संध्याकाळी गावात ती मिळेलच असं नाही. आसनगावहून लोकलही कल्याणसारख्या दर पाच-दहा मिनिटांनी नसतात. रविवारी जाणार असाल तर शनिवारी रात्री मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघून घ्या.