किसेरूपासून इकेबानापर्यंत : जपानी पाइपची कहाणी

'तंबाखू' हा आपला शब्द आणि जपानी 'ताबाको' ही दोन्ही पोर्तुगीज भाषेची लेकरे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज जहाजांतून हे व्यसन जपानात पोहोचले. 1612 मध्ये तोकुगावा शासनाने बंदी घातली, पुन्हा पुन्हा घातली, आणि अखेर व्यसनच जिंकले.

मात्र जपान्यांचे साधन निराळे होते. किसेरू म्हणजे दोन्ही टोकांना धातू आणि मधे बांबूची नळी. तिचे तोंड बोराच्या बीपेक्षा थोडेसेच मोठे. केसासारखी बारीक चिरलेली तंबाखू दोन-तीन झुरक्यांत संपे. नळी तुंबली की ती बदलून देणारे 'राओया' गल्लोगल्ली फिरत. पुढच्या काळात त्यांच्या गाडीवरच्या वाफेच्या शिट्टीवरून त्यांची चाहूल लागे.

1904 मध्ये रशियाशी युद्ध पेटले. खर्चासाठी शासनाने तंबाखूचा सारा उद्योग आपल्या मक्तेदारीत घेतला. सिगारेटने किसेरूला मागे सारले.

1936 मध्ये टोकियोच्या असाकुसा भागात त्सुगे यांचा कारखाना सुरू झाला, तो हस्तिदंती सिगारेट-होल्डरांसाठी. ब्रायरकडे ते नंतर वळले. ब्रायर हे जपानी लाकूड नव्हेच! भूमध्य सागराच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी जमणारी ती गाठ. तासन्‌तास उकळून, वर्षानुवर्षे वाळवून ती वापरात येते. धगीला सहज जळत नाही.

खरी कलाटणी कोपनहेगनमध्ये मिळाली. सिक्स्टन इवार्सन हा तेथील कारागीर आधी छिद्र पाडून मग आकार देण्याची रूढ रीत उलटी करी : प्रथम लाकडाच्या रेषा पाहून आकार, मग छिद्र. त्याच्याकडे शिकलेल्या जपान्यांत त्सुगेचे काझुहिरो फुकुदा आणि हिरोयुकी तोकुतोमी ही नावे ठळक आहेत. फुकुदांच्या हातून त्सुगेची 'इकेबाना' ही हातघडणीची मालिका उभी राहिली. पुष्परचनेचे नाव पाइपला देणे यातच बरेच काही येते. तोकुतोमींचे तिरके, असमतोल आकार आजही ओळखता येतात.

या कामात जुगार मोठा. आठवडाभर घासलेल्या गाठीत शेवटच्या क्षणी वाळूचा खड्डा उघडा पडतो. स्वस्त कारखाने तो लांबीने बुजवतात. नामांकित कारागीर तो तुकडा बाजूला टाकतो. म्हणूनच जाणता संग्राहक आधी लाकूड निरखतो, मग धुराचे छिद्र वाटीच्या तळाशी नेमके उतरते का, हे तपासतो. शिक्का नंतर.

आणि एक विचित्र गोष्ट. कधीच न पेटवलेला पाइप साधारणतः अधिक किमतीला विकला जातो. ओढण्यासाठी घडवलेली वस्तू काचेमागे कोरी राहते, आणि ते छिद्र नेमके उतरले होते की नाही, हे कुणाच्याच जिभेला कळत नाही.