मायटर स्क्वेअर: वेळ, वाट आणि साक्ष

खुनाच्या तपासात मयताच्या अखेरच्या तासांचा तक्ता मांडताना हाती येणाऱ्या वेळा एका जातीच्या नसतात. एखादी घड्याळ पाहून सांगितलेली असते, एखादी अंदाजाने, तर एखादी दुसऱ्या घटनेच्या आधाराने. या सगळ्या एकाच वजनाने एका रकान्यात लिहिल्या की तक्ता दिसायला नेटका होतो आणि तपास भरकटतो.

२९-३० सप्टेंबर १८८८च्या रात्री लंडनच्या मायटर स्क्वेअरमध्ये झालेला कॅथरिन एडोज यांचा खून ‘जॅक द रिपर’च्या प्रकरणात मोडतो. खुनी कोण, या प्रश्नावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. मला मात्र त्यातला मिनिटांचा हिशेब जास्त मोलाचा वाटतो, कारण चौकाच्या आसपास गस्तीचे पोलीस होते आणि कोरोनरसमोर त्यांच्या साक्षी नोंदल्या गेल्या.

४६ वर्षांच्या एडोज यांना रात्री साडेआठच्या सुमारास आल्डगेट हाय स्ट्रीटवर दारूच्या नशेत असल्याबद्दल ताब्यात घेतले होते. बिशपसगेट ठाण्यातून शिपाई हट यांनी त्यांना १च्या सुमारास सोडले. बाहेर पडून त्या डावीकडे, हाउंड्सडिचच्या दिशेने वळल्या. त्यांचा मुक्काम असे तो स्पिटलफील्ड्सचा भाग दुसरीकडे होता. ठाण्यापासून मायटर स्क्वेअर चालत सुमारे ८ मिनिटांवर, असे हट यांनी सांगितले. त्यानंतर त्यांना पाहिल्याची नोंद थेट १:३५ची. म्हणजे आठ मिनिटांच्या वाटेसाठी पस्तीस मिनिटे, आणि त्यातल्या सत्तावीस मिनिटांचा साक्षीदार कोणीही नाही. पुढच्या लेखकांनी ही पोकळी आपापल्या तर्कांनी भरली. तसे करणे म्हणजे त्या बाईंवर दुसरा अन्याय आहे. ज्या वेळेला साक्षीदार नाही, ती तक्त्यात कोरीच राहिली पाहिजे.

आता चौकाकडे. शिपाई वॉटकिन्स १:३०ला चौकातून गेले तेव्हा तिथे काही नव्हते. पुढच्या फेरीत १:४४ला त्यांना नैऋत्य कोपऱ्यात मृतदेह दिसला. ही झाली बाहेरची चौकट: १४ मिनिटे. तिच्या आत दोन साक्षी येतात. जोसेफ लावेंडे आणि त्यांचे दोन सोबती इम्पीरियल क्लबमधून बाहेर पडले, तेव्हा सुमारे १:३५ला चौकात जाणाऱ्या चर्च पॅसेजच्या तोंडाशी एक पुरुष आणि एक बाई उभी दिसली. बाईचा हात पुरुषाच्या छातीवर होता. शिपाई हार्वी १:४०–१:४२च्या दरम्यान त्याच पॅसेजमधून चौकाच्या कडेपर्यंत आले, आत शिरले नाहीत आणि परतले. त्यांना कोणी दिसले नाही, आवाजही आला नाही.

प्रत्येकाचे घड्याळ वेगळे होते. कोणी क्लबचे पाहिले, कोणी पोस्टाचे, कोणी स्वतःचे. प्रत्येक वेळेत दोन-तीन मिनिटांची चूक धरली की लावेंडे आधी की हार्वी, हे नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही. ते जागेवरून ठरते. हार्वींना पॅसेजमध्ये जोडपे दिसले नाही. मग ते तिथे हार्वींच्या आधी होते किंवा नंतर आले. नंतर आले असे मानले, तर वॉटकिन्स येईपर्यंत जेमतेम दोन-तीन मिनिटे उरतात. शव तपासणारे डॉ. ब्राउन यांच्या मते त्या जखमा करायला किमान पाच मिनिटे लागली असती. म्हणून जोडपे आधी आले, आणि हार्वी पॅसेजच्या टोकाशी होते तेव्हा खुनी अंधाऱ्या कोपऱ्यात असण्याची शक्यता राहते. घड्याळांना न जमलेला क्रम वाटेने लावून दिला.

हा सगळा युक्तिवाद एका ‘जर’वर उभा आहे: लावेंडेंनी पाहिलेली बाई एडोजच असेल, तर. त्यांनी तिचा चेहरा पाहिला नव्हता. ओळख काळे जाकीट आणि बॉनेट यांवरून पटली. आपल्या न्यायालयांत ‘शेवटचे एकत्र दिसणे’ या पुराव्यात दिसण्याची वेळ आणि मृत्यूची वेळ यांतले अंतर इतके कमी लागते की मध्ये तिसरा माणूस येण्याची शक्यता उरू नये. इथे अंतर नऊ मिनिटांचेच आहे. पुरावा अडतो तो त्याच्या आधीच, ओळखीवर.

‘दिसले नाही’ आणि ‘नव्हते’ यांतला फरक किती महागात पडतो, ते पुढच्या तासात कळते. एडोज यांच्या एप्रनचा रक्ताने माखलेला तुकडा गॉलस्टन स्ट्रीटवर शिपाई लाँग यांना २:५५ला सापडला. २:२०ला आपण तिथून गेलो तेव्हा तो तिथे नव्हता, असे त्यांनी ठामपणे सांगितले. त्याच सुमारास तिथून गेलेले डिटेक्टिव्ह हॅल्स यांचे म्हणणे एवढेच होते की तुकडा तिथे असता तरी आपल्या नजरेस पडलाच असता असे नाही. लाँग यांचे धरले तर तुकडा २:२० ते २:५५मध्ये टाकला गेला, म्हणजे मृतदेह सापडल्यावरही निदान पस्तीस मिनिटांनंतर, पोलीस शोध घेत असताना. हॅल्स यांचे धरले तर मृतदेह सापडण्याच्या वेळेपासूनच शक्यता खुली होते. मी तक्त्यात दोन्ही अवधी लिहीन, पण संशयिताची ‘त्या वेळी मी दुसरीकडे होतो’ ही सबब रुंद अवधीवरच तपासीन. अरुंद अवधी धरला, तर सव्वादोननंतर कुठेतरी चारचौघांत बसलेला माणूस एका शिपायाच्या खात्रीच्या जोरावर तपासातून सुटून जाईल.