उलटे पाय कोणी केले?

मालिका आणि सिनेमे आम्हाला एकच गोष्ट शिकवतात: मत्सरी बाई म्हणजे डायन. आमचे म्हणणे वेगळे आहे. नवऱ्याचा संशय, जावेचा मत्सर आणि गावाने लावलेला चेटकिणीचा कलंक, या तिन्हींचे मूळ एकच आहे: जात टिकवणारी विवाहव्यवस्था.

अन्विता दत्त यांचा 'बुलबुल' (२०२०) पाहा. बंगालमधली जमीनदाराची हवेली, काळ १८८१ ते १९०१. चिमुरड्या बुलबुलचे लग्न वयस्कर ठाकुराशी लागते. बाई उडून जाऊ नये म्हणून जोडवी घालतात, हे तिला तेव्हाच सांगितले जाते. पुढे समवयस्क दिराशी तिची मैत्री जमते. जाऊ बिनोदिनी नवऱ्याचे कान भरते आणि तो लोखंडी सळईने बुलबुलचे पाय ठेचतो. मग गावात पुरुष मरू लागतात. लोक म्हणतात, उलट्या पायांची चुडैल आली. पण पाय उलटे कोणी केले, हे कुणी विचारत नाही.

बिनोदिनीला खलनायिका ठरवून मोकळे होता येत नाही. ती वयाने मोठी, पण मानाने धाकटी सून. नवरा बौद्धिकदृष्ट्या अपंग, पुढे पदरी वैधव्य आणि केशवपन. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले, की जातीअंतर्गत विवाह टिकवण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह आले. यातल्या दोन प्रथा या एकाच हवेलीत नांदतात. त्याच काळात, १८९१ मध्ये, मुलींचे संमतिवय १० वरून १२ करणाऱ्या कायद्याला टिळकांनी विरोध केला होता. म्हणजे ही हवेली फक्त बंगालमध्ये नव्हती.

सिनेमा मात्र शेवटी कालीमातेकडे वळतो. इथे आमचा मतभेद आहे. आजही सातपुड्यात डाकीण ठरवल्या जाणाऱ्या आदिवासी बाईच्या मदतीला कोणतीही देवी येत नाही. तिला साक्षीदार हवेत, गुन्हा नोंदवून घेणारे पोलीस ठाणे हवे आणि स्वतःच्या नावावर जमीन हवी. बिहारने १९९९ मध्ये डायन प्रथेविरुद्ध कायदा केला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ उजाडले, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर.

बाबासाहेबांनी स्त्रीला देवी केले नाही. त्यांनी तिच्यासाठी हिंदू कोड बिल लिहिले, आणि ते अडवले गेले तेव्हा १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. आपला वारसा तो आहे. म्हणून वस्तीत कुणी बाईकडे बोट दाखवून 'करणी केली' म्हटले, तर आधी त्या बाईच्या बाजूने उभे राहा.

जय भीम!