किल्टवर बंदी होती तेव्हा

स्कॉटलंडला ऑनसाइट गेलेल्या आपल्या पोरांना लग्नाचं आमंत्रण येतं आणि यजमान म्हणतो, किल्ट घालून ये. दुसऱ्यांचा पोशाख आपण घालावा का? मला विचाराल तर खुशाल घालावा. फक्त आधी थोडा इतिहास चाळावा, कारण ह्या कपड्यापायी एकेकाळी तुरुंगवास होता.

एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या माळावर स्टुअर्ट घराण्यासाठी लढणारे जॅकोबाइट हरले. लगोलग कायदा आला: १ ऑगस्ट १७४७ पासून स्कॉटलंडमधल्या पुरुषांनी आणि मुलांनी हायलंडचा पोशाख घालायचा नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. सूट कोणाला? सरकारी फौजेतल्या शिपायांना! म्हणजे किल्ट हवा असेल तर ज्यांनी हरवलं त्यांचीच चाकरी करा. बंदी उठली १७८२ मध्ये. तोवर एक अख्खी पिढी गेली.

आणि मग १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. सोहळ्याचा सूत्रधार होता कादंबरीकार वॉल्टर स्कॉट. राजेसाहेब चक्क किल्टमध्ये, खाली अंगाच्या रंगाची तुमान! कलोडनला सरकारी फौजेचा सेनापती होता ड्यूक ऑफ कंबरलंड, म्हणजे ह्याच राजाचा चुलत आजोबा. त्याच काळात हायलंडमधले जमीनदार मेंढ्यांसाठी शेतकऱ्यांना घरांतून हुसकत होते, आणि त्यांतले काही तर क्लॅनचे प्रमुख. मराठीत वंशालाही कूळ म्हणतात आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाही. इथे कुळाच्या प्रमुखानेच कुळं उठवली. माणसं कॅनडाला गेली, कापड दरबारात पोचलं. मला तरी खरी चोरी ही वाटते.

प्रत्येक कुळाचा ठरलेला टार्टन, ही कल्पनासुद्धा बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. १८४२ चं 'वेस्टिअरियम स्कॉटिकम' जुन्या हस्तलिखिताच्या नावावर खपवलं गेलं. ते बनावट निघालं. पण त्यातले काही नमुने लोकांनी आपलेसे केले, पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवले. तेव्हा 'हे सगळं खोटंच आहे' असं लग्नात कोणाला ऐकवू नका :)

असो. आडनाव मॅकडोनल्ड नसलं तरी कायदा आडवा येत नाही. २००९ पासून टार्टनची सरकारी नोंदवहीसुद्धा आहे. शंका असेल तर यजमानालाच विचारा, किंवा कोणालाही चालणारा ब्लॅक वॉच घ्या. बॅलमोरल मात्र राजघराण्याचा, त्याच्या वाटेला जाऊ नये. चुण्या मागे, स्पोरन पुढे. पिन फक्त वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदरांतून टोचली तर कापड ओढलं जाऊन फाटतं. आणि हो, त्याला स्कर्ट म्हणू नका.